हाकेची रास

पंचांग वाचणाऱ्याने जीभ आवरावी, हे मला शहात्तर सालच्या सूर्यग्रहणाने शिकवलं. चैत्री अमावास्या होती आणि ग्रहण मेष राशीत. आदल्या सकाळी मारुतीच्या पारावर मी राशींची फळं सांगत होतो. रोजच्यापेक्षा चार माणसं जास्त जमली होती, म्हणून मलाही जरा चेव चढला. "मेष! शरीरकष्ट, प्रवासात घात. तीन महिने गावाची शीव ओलांडू नये." घात पंचांगात होता. शीव मी पदरची घातली.

रंगूबाई पाण्याची घागर घेऊन पारापुढून चालल्या होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या.

"जोशीबुवा, आमच्या लीलाची रास कंची वं?"

"लीला? मेष."

झालं. रंगूबाईंचा एकुलता एक मुलगा नाथाजी पलटणीत होता, तिकडे अंबाल्याला. तीन वर्षं वाट पाहून त्याला बायको ठेवायला क्वार्टर मिळालं होतं आणि लीलाला न्यायला तो रजेवर आला होता. ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मिरज, तिथून रेल्वे. घर मोकळं होणार म्हणून रंगूबाईंचा जीव आठ दिवस खालीवर होत होता, पण अडवायला निमित्त सापडत नव्हतं. ते मी भर पारावर, फुकट दिलं. संध्याकाळच्या आत गावभर झालं, सून जाणार नाही, मेष आहे.

सरहद्दीवर बंदूक रोखणारा नाथाजी आईपुढे टोपी चुरगाळत उभा राहिला. हे क्वार्टर सोडलं तर पुन्हा नंबर लागायला किती वर्षं, देव जाणे.

ग्रहणादिवशी सकाळी लीला माझ्या दारात आली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"जोशीबुवा, म्हायेरी मी हरणा. हरणाची रास कंची?"

मी पंचांग उघडलं आणि मला हसूच फुटलं. ह म्हणजे मिथुन. मिथुनेला हे ग्रहण अकरावं, सगळा लाभच लाभ! मग हसू ओसरलं, कारण लग्नात ताटातल्या तांदळात 'लीला' लिहायला नाथाजीला मीच सांगितलं होतं. रंगूबाईंचा हट्ट होता, "हरीण कुटं घरात ठरतंय व्हय? बदला नाव." चार वर्षांपूर्वी त्या पोरीला मेषेत आम्ही दोघांनी ढकललं होतं.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. "रंगूबाई, एका माणसाला दोन नावं असली तर शास्त्रात तोड आहे. झोपलेलं माणूस ज्या नावाच्या हाकेनं जागं होतं, ते त्याचं खरं नाव. रास त्याचीच धरायची." हे मात्र पोथीतलं आहे हो, मारुतीची शपथ.

रंगूबाई खुशीत आल्या. "चार वरसं रोज लीले म्हणूनच उठिवतो मी तिला. बगाच तुमी."

लीला सोप्यात घोंगडीवर आडवी झाली, पदर तोंडावर घेतला आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. असलं घोरणं मी जन्मात ऐकलं नाही. गोठ्यातल्या म्हशीने मान वळवून पाहिलं.

"लीले!"

घर्र.

"ए लीले! आगं म्हस सुटली!"

घर्र घर्र. गल्लीतल्या बायका दारात गोळा झाल्या आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या.

"आता हरणा म्हणून बघा," मी म्हटलं.

"माज्या तोंडातनं त्ये नाव यायचं न्हाई."

नाथाजीने हाक मारावी, तर आईदेखत बायकोचं नाव घ्यायची त्याची छाती होईना. तो आढ्याचे वासे मोजत बसला. रंगूबाई खांबाला टेकून बसल्या, लीला घोरत राहिली. दोघी सारख्याच हट्टी.

उन्हं कलली. मी घड्याळ पाहिलं. "ग्रहण लागायला पाच मिनिटं आहेत."

आता रंगूबाई चुळबुळल्या. ग्रहणात झोपलेलं माणूस कायमचं रोगी होतं, हे गल्लीतल्या पोरापोरींना त्यांनीच सांगितलेलं. त्या उठल्या.

"हलवायचं नाही हं," मी म्हटलं. "नुसती हाक."

त्या लीलाच्या उशाशी बसल्या. हळूच पदर उचलून आत पाहिलं. मला सुनेचा चेहरा दिसत नव्हता, सासूचा दिसत होता. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "हरणे, ऊठ गं बाय. गिराण लागतंय."

हरणा उठून बसली. दोन्ही गाल भिजलेले. रंगूबाईंनी आपल्या पदराने ते पुसले.

"झोपंत रडतीस व्हय गं?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता, "मिथुन तर मिथुन. न्हेऊ दे त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर अर्धं गाव होतं. नाथाजीने ट्रंक टपावर चढवली, हरणा खिडकीशी बसली. रंगूबाई तिच्या खिडकीखाली माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"जोशीबुवा, आन् माजी रास?"

"रंगू म्हणजे तूळ. मध्यम."

"म्हायेरी मी सुला हुतो."

"सुला? कुंभ! उत्तम फळ आहे हो."

त्या हसल्या. "काय उपेग? त्या नावानं हाक मारनारं आता कोन बी जित्तं न्हाई."

यावर पंचांगात काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

गाडी हलली. तोच हरणाने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि भर थांब्यावर, बाप्यांच्या देखत, सुनेने सासूच्या नावाने हाळी दिली.

"सुलाबाईऽ! येतो वं आमी!"

बायकांनी तोंडावर हात ठेवले. नाथाजीने टोपी डोळ्यांवर ओढली. आता रंगूबाईंचं काय तोंड सुटतंय, म्हणून मी दोन पावलं मागे सरलो.

रंगूबाई पोरीसारख्या टाचा उंचावून गाडीकडे बघत होत्या.

"ओऽ!" त्यांनी ओ दिली.