हैदराबादहून सुटणारं तिकीट

“आता सांगतो ते तुमच्यापैकी एकालाबी खरं वाटायचं न्हाई,” असं म्हणून पुंजारामआबानं नातीची बॅग गुडघ्यांमध्ये आणखी घट्ट धरली. घनसावंगीहून जालन्याला निघालेल्या जीपमध्ये माणसं खांद्याला खांदा रुतवून बसली होती. ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती.

“मस्कतचं विमानाचं तिकीट. अर्ध्या भावात काढलं.”

“मंग अर्धंच विमान येत असंल,” ड्रायव्हर वसंता म्हणाला.

“हस तू. अरे, कंपनी आपल्याला वळखती. दोनदा भाव इचारला की तिला कळतं, माणूस गरजू हाय, लगेच वाढवती. मी एकदा सरपंचाच्या मोबाइलवरून पाहिलं, एकदा टेंभुर्णीच्या पाव्हण्याच्या. तिसऱ्या खेपेला आवाज बदलला.”

“भाव बोटानं पाहत्यात, आबा. आवाज कशाला?”

“म्हणून तर फसली ना ती.”

जीप हसली. नात साक्षीही हसली. आई गेल्यापासून ती आबाच्या असल्याच गोष्टी ऐकत वाढली होती, घरात दोघंच. परवा मस्कतच्या दवाखान्यात तिला नर्स म्हणून हजर व्हायचं होतं. ती पोचली नाही, तर त्या जागेसाठी दुसरी मुलगी तयारच होती. तिकीट मात्र मीच शोधणार, असा आबानं हट्ट धरला होता, आणि रात्रपाळ्यांनी थकलेल्या साक्षीनं तो मानला होता.

“खरी गंमत पुढं हाय,” आबा सांगत होता. “मुंबई ते मस्कत महाग. तेच हैदराबादहून मुंबई अन् मंग मस्कत म्हणलं, की स्वस्त. लांबचं स्वस्त! मंग काय, तिकीट काढलं हैदराबादहून, चढायचं मुंबईला. एसटीचं रिझर्वेशन डेपोपासून करून आपण मधल्या फाट्यावर चढतो, तसं.”

पुढच्या सीटवरच्या भागवतनं मान वळवली. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये लागण्याआधी तो काही वर्षं रियाधला होता.

“आबा, विमानात तसं चालत न्हाई. पहिल्या विमानात माणूस बसला न्हाई, की पुढचं समदं तिकीट रद्द. आमच्या संगतीच्या एकाचं तसंच झाल्तं. विमानतळावरून माघारी आल्ता.”

साक्षीनं आबाकडं पाहिलं. आबा बाहेर कपाशीकडं पाहत होता.

“हैदराबादचं विमान कधी हाय, ताई?” भागवतनं विचारलं.

“उद्या संध्याकाळी.”

“मंग वेळ गेलेली न्हाई. जालन्याहून हैदराबादची गाडी धरा. मुंबईकडं जाऊच नका.”

“काही गरज न्हाई,” आबा मध्येच म्हणाला. “मी काय येडा हाय? कंपनीत फोन लावून बराबर इचारलं. बाई बोलली. मी म्हणलं, पोरगी मुंबईला चढली तर चालंल का? ती म्हणली, काका, पोरगी हैदराबादला बसली न्हाई, तर—”

तो थांबला. बॅगेचं बक्कल लागलेलंच होतं. त्यानं ते उगीच पुन्हा दाबून पाहिलं.

“तर काय, आबा?”

“तर... बिलकुल हरकत न्हाई म्हणली. खिडकीची जागा देतो म्हणली.”

या वेळी कुणी हसलं नाही. जीप एका खड्ड्यातून गेली, सगळे हलले आणि पुन्हा आपापल्या जागी बसले. साक्षीनं हात पुढं करून बॅग ओढली. आबानं क्षणभर पट्टा धरून ठेवला, मग सोडला.

“आबा,” ती हळू म्हणाली, “बनवून सांगताना तुम्ही कधीच अडत न्हाई. त्या बाईनं तुम्हाला खरं काय ते सांगितलं व्हतं. अन् तरी मी माघारी यावं म्हणून तुम्ही मला मुंबईलाच घेऊन चालले व्हते.”