चावलेली चांदणी

त्या घरात नाताळच्या झाडावर कुठलीच वस्तू नुसती टांगली जात नसे. आधी ती हातात घ्यायची, तिची गोष्ट सांगायची, मगच फांदीला अडकवायची. सांगायच्या सासूबाईच. लोकांचे कपडे उसवून-शिवून त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि गोष्टही त्या तशीच बेतून सांगायच्या, कुठे सैल नाही की कुठे ताण नाही. गेलेला बल्ब रंगवून सासऱ्यांनी केलेली निळी चिमणी निघाली, की ते रंगाच्या डब्यासकट जिन्यावरून कसे घसरले आणि पुढे आठवडाभर निळ्या कानानेच कसे कामावर गेले, ते ऐकताना सून दरवर्षी पोट धरून हसायची. तिच्या माहेरी झाडावर दुकानातले लाल गोळे असत. सगळे एकसारखे, सगळे मुके.

यंदा घरात रांगतं बाळ होतं. हाताला लागेल ते थेट तोंडात! बाटल्या उकळून उकळून सुनेला आता जे दिसेल ते धुवायची सवयच जडली होती. त्या दुपारी बाळ झोपलं, सासूबाई गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला गेल्या, आणि हिने सजावटीचा खोका उघडून रिळं, शिंपले, काचेचे गोळे, सगळं कोमट साबणाच्या पाण्यात बुडवलं.

थोड्या वेळाने टबात हात घातला, तर तळाशी पांढरा चिखल आणि एक लाल फीत.

चांदणी! मीठ घालून मळलेल्या पिठाची, भाजून कडक केलेली. नणंद सहा वर्षांची असताना तिने ती बिस्कीट समजून चावली होती. दातांच्या खुणा असलेली ती चांदणी खोक्यातून सगळ्यात शेवटी निघायची आणि तिची गोष्ट सांगताना सासूबाईंचा आवाज हमखास घोगरा व्हायचा.

तेवढ्यात बेल वाजली. दारात नणंदच. बस चालवून चालवून आवाज असा झालेला, की शेवटच्या बाकापर्यंत पोचावा.

"इतका वेळ? मला वाटलं, घर बदललंत की काय!"

"ताई, माझ्या हातून फार वाईट झालंय," म्हणत सुनेने तिला टबापाशी नेलं.

नणंदेने बोट बुडवून पाहिलं. "हे माझं बिस्कीट?"

"हो."

"साबणाने?"

"हो."

"बाई गं! तुझ्या हातून आम्ही माणसं वाचलो हेच नशीब." मग सुनेचे डोळे भरलेले पाहून ती टबाच्या काठावर टेकली. "अगं वेडे, रडतेस काय! ती माझी नव्हतीच."

"म्हणजे?"

"सहाव्या वर्षी माझे समोरचे दोन दात पडलेले होते. तो फोटो पाहिलास ना, बोळकं पसरून हसतेय तो? आणि चांदणीवर दात कसे, ओळीने सगळे! माझी कधीतरी मोडली असणार. आईने शिलाईचा ढीग बाजूला सारून दुसरी केली आणि स्वतः चावली. मोठी झाल्यावर कधीतरी माझ्या लक्षात आलं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? माझ्यासाठी तिने मिठाचं पीठ चावलं. मला माझ्या चांदणीपेक्षा तीच जास्त आवडायची. पण मला कळलंय हे तिला कळता कामा नये हं. मैदा कुठे ठेवतेस?"

दोघींनी पीठ मळलं. चांदणी केवढी होती यावरून वाद झाला, तो नणंदेने आवाजावर जिंकला. फितीसाठी भोक पाडलं. चावायची वेळ आली तशी सुनेने चांदणी तिच्यापुढे धरली.

"मी नको. माझा जबडा म्हणजे बसचं दार. तुझे दात आईसारखे बारीक आहेत, तू चाव. आणि तोंड वाकडं करू नकोस, खूण वाकडी उमटेल."

खारट! सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने खूण सरळ उमटवली. भाजल्यावर वरून चहाचं पाणी फिरवून चांदणीला म्हातारपण आणलं, फीत इस्त्रीने वाळवून ओवली.

संध्याकाळी झाड उभं राहिलं. नवरा दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत बसला होता, त्याला कशाचाच पत्ता नव्हता. बाळाला कडेवर घेऊन सासूबाई एकेक वस्तू काढत गेल्या, एकेक गोष्ट सांगत गेल्या, आणि शेवटी चांदणीवर आल्या.

त्यांचा अंगठा दातांच्या खुणांवरून फिरला. थांबला. नणंद खिडकीबाहेर असं काही निरखून पाहू लागली, जणू तिकडून बसच येत होती.

"ही म्हणजे," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या खादाड लेकीची करामत." आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. पूर्ण, एक टाका न चुकवता, आजवर कधी सांगितली नव्हती इतकी रंगवून. आवाज घोगरा झाला तिथे या वेळी नणंदेलाही नाक पुसावं लागलं.

दरवर्षी चांदणी त्या स्वतः टांगायच्या. आज त्यांनी ती सुनेच्या तळहातावर ठेवली.

"तू टांग," त्या हळूच म्हणाल्या. "पण खालून हात दे गं. मधोमध अजून ओली आहे."