बूटही फायनल खेळले

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा चषक आहे. सतरा वर्षांखालील मुलांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत मिरवून मिरवून आता पार झिजलो आहे.

मला घडवले एका म्हाताऱ्या चांदीकाम करणाऱ्याने. फुटबॉलमधले त्याला ओ की ठो कळत नव्हते. "पोरांना उचलता आला पाहिजे, एवढं सांगा बस्स," असे तो म्हणाला आणि त्याने मला दोन भक्कम कान दिले. तेव्हा स्पर्धेत जेमतेम चार देश होते. मैदानाभोवती दोरी बांधलेली असे आणि खेळाडू एका शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकून झोपत.

त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. अंतिम सामन्याच्या सकाळी पाहुण्या संघाच्या बुटांची पेटी भलत्याच गावी गेल्याचे कळले. बुटांशिवाय खेळायची परवानगी नव्हती. पंच यजमान संघाच्या कप्तानाला म्हणाले, "नियमाप्रमाणे चषक तुमचा."

कप्तान म्हणाला, "न खेळता मिळालेला चषक घरी कुठल्या तोंडाने न्यायचा, सर? तासभर थांबा."

त्याच्या राखीव खेळाडूंनी आपापले बूट काढून दिले. हरलेल्या दोन्ही संघांनीही दिले. कुणाला घट्ट, कुणाला ढगळ. बोटांशी कापूस कोंबून पोरे मैदानात उतरली. आणि खेळली कशी म्हणता! अखेर पाहुण्यांच्या एका चपळ पोराने गोल केला, तोही यजमानांच्याच राखीव गोलरक्षकाच्या बुटांनी.

"तुझ्या बुटांनीच घात केला रे!" हरलेला गोलरक्षक करवादला.

राखीव गोलरक्षक अनवाणीच उभा होता. तो हसून म्हणाला, "मी नाही, तर माझे बूट तरी फायनल खेळले की!"

त्या संध्याकाळी दोन्ही संघ माझ्यातूनच पाणी प्यायले. चषक म्हणून जन्माला आल्याचे सार्थक झाले, असे मला वाटले.

पुढे स्पर्धा वाढत गेली. निरनिराळ्या खंडांतले संघ येऊ लागले, दोरीच्या जागी भव्य स्टेडियम आले, घराघरांत टीव्हीवर सामने दिसू लागले. माझ्या अंगावर विजेत्यांची नावे कोरायला जागा उरली नाही. मग एक उंच, सोनेरी चषक आला. तो देखणा होता, मी नावे ठेवणार नाही. मी मात्र कार्यालयाच्या अडगळीत गेलो. माझ्यावर हवा गेलेले चेंडू पडले. कुणी टाचण्या ठेवल्या, कुणी ओली छत्री उभी केली. मी काळा ठिक्कर पडलो.

मग एकदा मुलींसाठीही अशी स्पर्धा घ्यायचे ठरले. ते सुखासुखी ठरले नाही. एका संघाच्या प्रशिक्षक ताई त्यासाठी वर्षानुवर्षे कार्यालयाचे उंबरे झिजवत होत्या. त्या स्वतः उत्तम खेळत. पण त्यांच्या वयात मुलींना अशी स्पर्धाच नव्हती. "बघायला कोण येणार?" कार्यालयातले साहेब म्हणाले, "आणि नवा चषक कशाला? तो जुना पडलाय ना!"

ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला उचलून नेले आणि मोरीत बसून दात घासायच्या पावडरीने लख्ख घासले. घासताना तोंडाचा पट्टा मात्र चालू होता. साहेबांबद्दल त्या काय काय म्हणाल्या, ते मी सांगणार नाही.

बघायला माणसे आली. बसायला जागा पुरेना! अंतिम सामना ताईंच्या मुलींनी जिंकला. कप्तान मुलीने मला घेतले, पण वर उचलले नाही. ती थेट ताईंकडे गेली. "ताई, आधी तुम्ही धरा."

ताईंनी मला दोन्ही कानांना घट्ट धरले. तेवढ्यात एका पत्रकाराने विचारले, "मुलांना नवा चषक आणि तुम्हाला जुना. वाईट नाही वाटत?"

"जुना?" ती मुलगी म्हणाली. "आमच्याआधी कुठल्या मुलीच्या हातात होता का हा? मग नवाच आहे की!"

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, आणि ज्यांना आजवर कुणी खेळायला बोलावले नाही, त्यांच्यासाठी मैदानात घेऊन जा. फक्त दोन्ही कान घट्ट धरा. जिंकल्यावर पोरे उड्या मारतात, आणि आम्ही तसे जडच असतो.