शपथेचा हात

सुईणबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळं गाव मानायचं. पण दोन वर्षांपासून शब्द त्यांचा आणि हात सुनेचे, असा कारभार चालला होता. म्हातारीची बोटं बधिर झाली होती. तापलेलं पातेलं उचललं तरी तिला पत्ता लागत नसे. मग दोघींनी युक्ती काढली. सुनेने आधी पोट चाचपायचं. गर्भ असेल तर खोकायचं, नसेल तर गप्प राहायचं. मागून सासूबाईंनी उगाच हात फिरवून, भुवया चढवून निकाल द्यायचा.

"नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं बघ!" घरी आल्यावर म्हातारी पोट धरधरून हसायची.

मुलगा वारला तेव्हा सुनेला घालवून दे म्हणून कान भरणारे पैशाला पासरी होते. सासूने एकाचंही ऐकलं नाही. पोटच्या पोरीसारखं सांभाळलं आणि आपलं काम तिच्या हाती दिलं.

अशात कोर्टाचं बोलावणं आलं. मालकाला विष घातलं म्हणून एका मोलकरणीला फाशी ठोठावली होती. पुरावा काय, तर मालक मेल्यावर ती पुरेशी रडली नाही. मागेपुढे कोणी नसलेल्या बाईला एवढा पुरावा पुरतो. निकाल ऐकून ती म्हणाली, "मी पोटुशी आहे." मूल होईपर्यंत गर्भार बाईला फासावर चढवत नसत, आणि ती गर्भार आहे की नाही हे शपथ घेतलेल्या सुईणीने सांगायचं असे.

तुरुंगाच्या खोलीत कारकुनाने सुनेला दारातच अडवलं. "शपथ एकीची, हातही एकीचाच."

सासूबाईंचा चेहरा पडला. पण आता माघार कशी घेणार? त्या मोलकरणीजवळ बसल्या आणि तिच्या पोटावर हात फिरवू लागल्या.

"आजी, परवा पहिल्यांदा हललं हो," मोलकरीण म्हणाली.

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. सून गप्प होती. पोटाला हात न लावता ती खोकणार कशी? मला माहीत नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. त्याची खूण मात्र दोघींनी कधी ठरवलीच नव्हती.

"काही नाही. पोट रिकामं आहे," सासूबाई म्हणाल्या.

मोलकरणीने किंकाळी फोडली. सासूची नजर चुकवून सुनेने न्यायाधीशांना गाठलं आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्या सासूने खोटी शपथ घेतली. तुझं म्हणणं लिहून घेतो. पण खोट्या शपथेने कोणाचा जीव जाणार असेल, तर शपथ घेणाऱ्यालाही तोच दोर. बोल, लिहू?"

न्यायाधीशांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग दुसरं काम पुढे घेतलं.

सकाळी फाशी झाली. प्रेताला आंघोळ घालायला बाईमाणूस हवं म्हणून सुनेलाच बोलावलं. तिने ओला फडका बाजूला ठेवला आणि त्या पोटावर पहिल्यांदा हात ठेवला. चाचपायची गरजच नव्हती. पाच महिने तरी झाले होते.

घरी सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. वाढलेलं ताट तसंच होतं. एका रात्रीत म्हातारी खंगल्यासारखी दिसत होती.

"खरं सांग गं बाई. तू हात लावलास ना? रिकामंच होतं ना?"

आपल्याला जिने घराबाहेर काढलं नाही तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सुनेने पदराने हात पुसले.

"रिकामंच होतं."

म्हातारीच्या जिवात जीव आला. तिने ताट पुढे ओढलं.

"देव पावला! म्हणजे माझ्या बोटांत अजून दम आहे तर," ती म्हणाली. "उद्या परत बोलावलंय त्यांनी. आणखी एक जण तेच म्हणतेय. आता मी एकटीच जाईन, तू कशाला उगाच दारात ताटकळतेस?"