यशश्रीचा डावा हात

ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली, तरी डावा हात खांद्याच्या वर न्यायचा म्हटलं की यशश्रीला आधी श्वास रोखावा लागे. स्तन काढला त्या जागी आता एक आडवा, ताठ व्रण होता. वरून बोट फिरवलं तर काहीच जाणवत नसे. आतून मात्र तो काखेपर्यंत ओढ देई, आटलेला ब्लाउज बळेच अंगात चढवावा तशी. गाडीत बसली की सीट बेल्टखाली ती तळहात घालून ठेवी.

रिपोर्ट चांगले होते. डॉक्टर म्हणाले, "उत्तम! आता सहा महिन्यांनी या."

"पण अजून दुखतं."

"थोडं राहतंच," म्हणत त्यांनी पुढच्या पेशंटची फाइल ओढली.

घरी हे सांगायची सोय नव्हती. नवऱ्याने, आल्हादने, आजारपणात काही कमी केलं नव्हतं. प्रत्येक केमोला तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला होता. पण ती नुसतं "दुखतंय" म्हणाली की त्याचा चेहरा पांढरा पडे. "परत स्कॅन करू या का?" मग त्याची झोप उडे, आणि त्याला धीर द्यायचं कामही तिलाच करावं लागे. म्हणून तिने बोलणंच सोडलं. आल्हाद सगळ्यांना सांगे, "आता ठणठणीत आहे ती."

आजारपणाआधी यशश्री बायकांच्या ढोलपथकात वाजवायची. गणपती जवळ आले तसा पथकप्रमुख वल्लरीचा फोन आला. "ताई, यंदा या ना. तुमच्याशिवाय रांग सुनी वाटते."

ती गेली. गंगापूर रोडजवळच्या मैदानावर सराव चालू होता. एका मुलीने तिच्या कमरेला ढोल बांधला आणि पट्टा खांद्यावरून घेतला. तो नेमका व्रणावर आला. तिने दातांवर दात दाबून धरले. उजव्या हातातल्या टिपरूला सगळं आठवत होतं. पहिले ठोके असे पडले की शेजारची हसून तिच्याकडे बघू लागली. मग डाव्या हाताची थाप आली आणि काखेतून बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली. हात आपोआप खाली आला. रांगेचा ठेका चुकला.

"काय झालं, ताई?"

"दम लागला गं."

वल्लरीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "वाजवू नका मग. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चाला. कॅन्सरला हरवणाऱ्या आमच्या यशश्रीताई, असं माइकवर सांगू."

सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या. यशश्रीही हसली. पट्टा सोडायला मात्र तिला दुसऱ्या कुणाची मदत लागली.

घरी आल्हादने विचारलं, "कसा झाला सराव?"

"नाही वाजवता आलं. दुखतं हो. रोज दुखतं."

त्याने लगेच मोबाइल उचलला. "थांब, डॉक्टरांना..."

"फोन नको! ते परत आलेलं नाहीये. हे ऑपरेशनचंच दुखणं आहे. कदाचित कायम राहील."

तो मोबाइल हातात धरून तसाच बसला. "मग मी काय करू?"

"काही करू नका. ऐका फक्त."

तो थोडा वेळ ऐकत बसला. ती पट्ट्याचं सांगत होती, झोपताना कूस बदलण्याचं सांगत होती. पण मध्येच तो उठला आणि कुकर लावायला आत गेला. तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

मिरवणुकीत पुढे चालणार नाही, असं तिने वल्लरीला कळवलं. कारण विचारलं तेव्हा खरं कारण सांगितलं. पलीकडून "काळजी घ्या ताई" एवढंच आलं. त्यानंतर फोन आला नाही.

ती एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जाऊ लागली. बाईंनी व्रणावर बोटं ठेवून कातडी हळूच सरकवून पाहिली. "खाली चिकटलंय सगळं. चोळून सैल होईल. पण पूर्ण जाईल, असं मी म्हणणार नाही." त्या जागेला इतक्या सावकाश कुणी हात लावलाच नव्हता. यशश्रीला तिथेच रडू फुटलं. बाई थांबल्या, पण हात काढला नाही.

आता ती रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसून खोबरेल तेलाने व्रण चोळते. एकदा आल्हाद दाराशी येऊन उभा राहिला. त्याने नजर वळवली, मग परत तिच्याकडे आणली.

"आज दुखतंय?"

"हो."

स्कॅनचं नाव त्याच्या ओठांपर्यंत आलेलं तिला दिसलं. पण तो "बरं" एवढंच म्हणाला, आणि चहा ठेवायला गेला. यशश्रीने पुन्हा काखेकडच्या टोकाला बोटं टेकवली. तिथेच जास्त ओढत होतं.