दाराजवळचा गोळा

वादळ येऊन गेलं त्याला नऊ दिवस झाले होते, आणि ताईची ही अकरावी इमारत. पडझड झालेल्या जुन्या वास्तू मोजायचं तिचं काम. वरून ड्रोन फिरवून फोटो घ्यायचे, खालून तिपाईवरचं लेझरचं यंत्र गरागरा फिरवायचं. भिंत न् भिंत, वीट न् वीट ठिपक्याठिपक्यांनी उतरवून घ्यायची. डोळे चुरचुरत होते, पायांत त्राण नव्हतं.

आजचं होतं जुनं प्रसूतिगृह. छप्पर उडालेलं, खिडक्या उघड्या, पूर्वेची उंच भिंत आत झुकलेली. गावातल्या निम्म्या लोकांनी पहिला टाहो इथेच फोडलेला. सकाळी एकदा मोजायचं, दुपारी चारला पुन्हा. मधल्या वेळात भिंत हलली नसेल तर टेकू लावून इमारत वाचवायची. हलली असेल तर उद्या पाडायची. टेकू लावणारा सुतार ताईचाच धाकटा भाऊ. अंगणात वासे रचून तो सकाळपासून ताटकळत बसलेला.

चारला ताईने लॅपटॉपच्या पडद्यावर दोन्ही मोजण्या एकमेकींवर ठेवल्या. जुळेनात.

जुळवायची खूण म्हणून अंगणात सहा पांढरे गोळे ठेवले होते. ते दिवसभर जागचे हलता कामा नयेत. ताईने मान वर केली. दाराजवळचा गोळा शहाण्या मुलासारखा कडेला सरकवलेला, आणि भोवतीची जमीन लख्ख झाडलेली.

“मावशी!”

मावशी केरसुणी घेऊन आल्या. इथल्या जुन्या आया त्या. प्रसूतिगृह बंद पडलं तरी रोज येऊन झाडून जायच्या.

“गोळ्यांना हात लावू नका म्हटलं होतं ना?”

“काचा होत्या गं तिथे. कुणाच्या पायात जातील म्हणून...”

“माझा अख्खा दिवस वाया घालवलात!”

“त्यांच्यावर कशाला खेकसतेस?” भाऊ म्हणाला. “ड्रोनच्या फोटोत नवी भेग आहे?”

“नाही.”

“मग गोळ्यांचाच घोळ. मावशी, उपकारच झाले तुमचे. भिंत खरंच हलली असती तर उद्या या इमारतीचा चुरा झाला असता. लिही ताई, हालचाल नाही. उजेड आहे तोवर चार टेकू लावतो न् सुटतो.”

ताईला तेच हवं होतं. दमलेल्या माणसाला सोपं उत्तर उशीसारखं वाटतं. तिने अहवालाचा कागद पुढे ओढला. भावाने पहिला वासा खांद्यावर घेतला आणि तो दाराकडे निघाला.

मावशी भिंतीकडे बघत राहिल्या. गप्प राहायला काही लागत नव्हतं. त्या गप्प राहिल्या की इमारत राहणार होती.

भावाचा पाय उंबऱ्यावर पडला.

“मी एकच हलवला,” मावशी म्हणाल्या. “दाराजवळचा. बाकीच्यांना शिवलेसुद्धा नाही.”

ताईचा हात थांबला. तिने तो गोळा बाजूला काढला आणि उरलेल्या पाचांवर दोन्ही मोजण्या बसवल्या. पाचही गोळे केसभर न चुकता बसले. अंगण बसलं, फाटक बसलं, पायऱ्या बसल्या. पूर्वेची भिंत तेवढी बसेना. वरच्या टोकाला चौदा मिलिमीटर. एका दिवसात.

“बाहेर ये.”

“अगं, एवढा वासा...”

“टाक तो! आधी बाहेर ये!”

तो आला. अंगणात वासा आपटला. “अकरांतली एक वाचत होती. तीही गेली.”

ताईने लिहिलं : आत जाऊ नये.

“उद्या भिंत उभी दिसली ना,” गाडीत वासे चढवताना भाऊ फणकारला, “तर तुझं तोंड बघणार नाही मी.”

“नको बघूस. तू बघायला असलास म्हणजे झालं.”

मग ती मावशींपाशी गेली. “मावशी, मघाशी मी...”

“असू दे.” मावशींनी पदराने तोंड पुसलं. “किती वाजता पाडतील?”

“दहाला.”

“मग उद्या मी रजा घेते,” त्या म्हणाल्या. ती कुणाकडे मागायची, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. ताई म्हणाली, “घ्या, मावशी.”