मधोमध मोजा

मी एक जुनी दांडी आहे, आणि वाकलेली आहे. दुसऱ्या कुणी तुमच्या कानात सांगण्याआधी मीच सांगून टाकते, मित्रांनो. तास चुकवून मुलं मारतात ती दांडी मी नव्हे. मी उंच उडीची आडवी दांडी. मला दोन खांबांच्या मध्ये ठेवतात, मुलं धावत येतात आणि माझ्यावरून पलीकडे जातात, किंवा जात नाहीत. जात नाहीत तेव्हा मी पडते. पडणं हे माझं काम आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

ॲल्युमिनिअमच्या नळ्या करणाऱ्या एका कारखान्यात मी तयार झाले. तिथल्या कारागिराने मला सपाट लोखंडी मेजावर लोळवून पाहिलं. वाकडी नळी लोळताना लंगडते. मी लंगडले नाही. मग माझ्यावर लाल-पांढरे पट्टे आले आणि दोन्ही टोकांची एकेक बाजू सपाट झाली, खांबांवरच्या टेकूंवर नीट बसावी म्हणून. त्यामुळे मला एकाच बाजूने ठेवता येतं. उलटी ठेवली तर घरंगळते.

शाळेत आले त्या वर्षी मी सरळ होते. खाली जाड गादी नव्हती, नुसती वाळू होती. नववीतली एक मुलगी त्या वाळूत इतक्या उंचावरून उतरली की सभागृहातल्या विक्रमांच्या फलकावर तिचं नाव रंगवलं गेलं. ते अजून तिथेच आहे. ती मुलगी म्हणजेच आजच्या याच शाळेतल्या खेळाच्या बाई.

पुढची सगळी वर्षं शाबासकी उडी मारणाऱ्याला आणि दोष मला, असाच हिशेब चालला. "वाऱ्याने पडली", "आधीच हलत होती", "बाई, मी शिवलोसुद्धा नाही!" मित्रांनो, मी आपणहून कधीही पडलेली नाही. ज्याची टाच लागली त्याला ती लागल्याचं पक्कं ठाऊक असतं.

मी वाकले ती खांबांवर नाही, साहित्याच्या खोलीत. मला आडवी ठेवायला कुणाला सवड नसायची, म्हणून कोपऱ्यात भिंतीला तिरकी टेकवायचे. मग कुणीतरी माझ्यावर फुटबॉलची ओली जाळी टाकली, कुणी त्यावर गुडघ्यांचे पॅड लटकवले. धातू एका दिवसात वाकत नाही. तो बराच काळ सहन करतो आणि मग सरळ व्हायचं विसरतो. माझा मधला भाग दोन बोटं खाली आला.

त्यावरही कुणाचं काही अडलं नाही. बाई खांबावरच्या खुणा पाहून उंची सांगत राहिल्या. स्पर्धेत त्याने फरक पडत नव्हता, कारण माझा बाक सगळ्यांसाठी सारखाच होता. पण मी सरळ होते तेव्हाच्या उडीशी आजच्या उडीची तुलना करायची म्हटलं, तर फरक पडतो. हे मला ठाऊक होतं. शाळेत ते बोलून दाखवलं फक्त टोळने.

टोळ म्हणजे दहावीतली एक मुलगी. हातपाय काटकुळे, गुडघे कायम खरचटलेले, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. नाताळच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा आठवडा होता. शाळेत सगळीकडे यशाची गडबड चालली होती. वादविवादाची ढाल आली होती, गणिताच्या परीक्षेत एकाने बक्षीस मिळवलं होतं, विज्ञान प्रदर्शनातलं पाणी गाळायचं यंत्र मुख्याध्यापकांच्या मेजावर ठिबकत होतं. शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ होता. त्याआधी फलकावर नवी नावं लिहायला रंगारी बोलावला होता, आणि तो टोळचा सख्खा मामा होता.

उंच उडीच्या अंतिम फेरीला मामा हातात ब्रश घेऊनच मैदानावर आला. बाकीच्या मुली एकेक करून बाद झाल्या. मग टोळने मला बाईंच्या विक्रमाहून एक खूण, म्हणजे बोटभर, वर ठेवायला सांगितलं. ती धावत आली, उडी मारली, आणि मी जागची हलले नाही.

काय आरडाओरडा झाला! सर्वांत जोरात टाळ्या बाईंनी वाजवल्या. पण त्याआधी त्यांचा हात खिशातल्या टेपकडे गेला होता आणि तसाच परत आला होता. ते मी पाहिलं.

टोळ गादीवर उताणी पडून माझ्याकडे बघत होती. माझ्यामागे वाचनालयाच्या गच्चीची सरळ कड होती. बघता बघता तिचं हसू गेलं.

"बाई, ही मध्ये खाली आहे."

"असू दे गं. ऊठ आधी, घाम पूस."

"किती खाली आहे? मोजा ना."

"मी नाही मोजणार," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, फलकावर माझं नाव आहे. मी टेप काढली तर लोक काय म्हणतील? बाईंनी पोरीच्या तोंडचा घास काढला."

"मग टेप मला द्या."

मामा पुढे आला. "भाचीबाई, जरा गप्प बसशील? तिकडे मी रंग कालवून आलोय. वाळला तर डबा तुझ्या बापाकडून भरून घेईन."

पण टोळने टेप घेतलीच. पट्टी जमिनीवरून सरळ वर ताणून तिने माझ्या मधोमध टेकवली, डोळा आकड्याच्या पातळीला आणला आणि वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. तिची उडी बाईंच्या विक्रमाच्या एक बोट खाली होती.

मुख्याध्यापक खुर्चीतून उठून आले. "हे काय खेळात भूमिती काढलीस? खांबावर आकडा आहे, इतक्या लोकांनी उडी पाहिली. समारंभाची पत्रिका छापून झाली आहे. झाला विक्रम!"

"सर, मग हिला पुढच्या वर्षी अजून वाकू द्या," टोळ म्हणाली. "अजून विक्रम होतील."

मुलं फिस्सकन हसली. मुख्याध्यापक हसले नाहीत. "मग पुढे काय म्हणणं आहे तुझं?"

"हिचा मधला भाग बाईंच्या उंचीच्या वर येईल इतकी वर चढवा. मी पुन्हा मारते."

बाईंनी मला चढवलं, आणि या वेळी मधोमध मोजलं. खांबावरच्या खुणेकडे बघितलं तर ती उंची भयंकर वाटत होती. टोळला तीन संधी होत्या. पहिल्या उडीत तिची टाच मला लागली, मी पडले. दुसऱ्या उडीत पाठ घासली, मी पडले. तिसऱ्या वेळी ती जवळजवळ पलीकडे गेलीच होती. पोटरी किंचित टेकली, मी टेकूवर डुगडुगले, आणि सगळं मैदान माझ्याकडे बघत राहिलं.

मी पडले.

माझ्याकडे असे बघू नका, मित्रांनो. तुम्हांला वाटेल, तिच्यासाठी तरी थांबायचं होतं. मी तिच्यासाठी थांबले असते तर तिने टेप हातात घेतली तरी कशाला? ती माझ्याकडे दया मागत नव्हती, खरं उत्तर मागत होती. ते मी दिलं.

ती उठली, मला उचलून टेकूंवर ठेवलं आणि हात झटकले.

"झालं समाधान?" मुख्याध्यापक म्हणाले. "आता पहिलीच उडी धरायची. रंगारीबुवा, लिहून टाका नाव."

मामाने भाचीकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही. ब्रश पायजम्याला पुसत मामा म्हणाला, "सर, पोरगी नाही म्हणतेय. मी कसं लिहू? घरी ताई मला दारात उभं करणार नाही."

समारंभात टोळला पहिल्या क्रमांकाचा चषक मिळाला आणि तो तिने हसत घेतला. तो तिचा हक्काचा होता. मुख्याध्यापकांनी भाषणात विक्रमाचं नाव काढलं नाही, मात्र खाली उतरताना ते बाईंना म्हणाले, "ती वाकडी दांडी भंगारात टाका. तिच्यापायी शोभा झाली."

"नवी आली की बघू," बाई म्हणाल्या. "तोवर हीच राहील. आणि शोभा तिने केली नाही, सर. आम्ही तिला कोपऱ्यात टेकवली."

हे मला शाबासकीपेक्षा मोठं वाटलं. मी वाकलेली आहे, खोटी नाही. माझा बाक लपवून माझ्या नावावर जे आकडे खपवले जातात, ते खोटे.

तेव्हा एवढं करा. माझ्यासारख्या वस्तू भिंतीला टेकवू नका, आडव्या ठेवा. त्यांच्यावर ओलं काही टाकू नका. आणि एखादी वाकलीच, तर फेकायची घाई करू नका. ती कुठे आणि किती वाकली आहे ते बघा, तिथे मोजा, मग खुशाल काम घ्या. आम्ही नाही म्हणणार नाही.

आज सुट्टीचा पहिला दिवस आहे. वर्गांना कुलपं आहेत, मैदानावर फक्त दोघी आल्या आहेत. बाईंनी मला चढवलं आहे, मधोमध टेप लावून आकडा मोठ्याने वाचला आहे. तो त्यांच्या विक्रमाच्या वरचा आहे. टोळ पलीकडच्या टोकाला उभी आहे, बुटाची नाडी घट्ट करते आहे. बाई तिला ओरडून सांगताहेत, "शेवटची पावलं लांबवू नकोस, माझंही तिथेच चुकायचं!"

ती निघाली आहे.

ये, टोळ. लागलीस तर पडेन, नाही लागलीस तर जागची हलणार नाही.